लघुपट करताना लेखक, नट आणि दिग्दर्शक एका खोलीत किती वेळ असतात?

शेवंती

गेल्या वर्षी माझ्या संहितेवर पुण्यात १४ मिनिटांचा एक लघुपट झाला. पुढच्या महिन्यात त्याच दिग्दर्शकाबरोबर दुसरा करायचा आहे. त्याआधी इथल्या लोकांना काही विचारायचं आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. मुलगा गावचं घर विकायला आलेला. सामान आवरताना वडिलांचा तिकिटं पंच करायचा जुना चिमटा सापडतो. शेवटच्या प्रसंगात मी वडिलांना दीड पानाचं बोलणं दिलं होतं. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली तिथपासून त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या फेरीपर्यंत. ते लिहायला तीन आठवडे लागले. माझे काका कंडक्टर होते, त्यांच्या शेजारी बसून एकेक शब्द उतरवून घेतला होता.

शूटिंगला मला बोलावलं नाही. संहिता दिली तिथे माझं काम संपलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं, मीसुद्धा. फिल्म पहिल्यांदा पाहिली ती तीसेक लोकांबरोबर. त्या दीड पानातलं एकही वाक्य नव्हतं. वडील घराच्या कराराचा कागद हातात घेतात आणि त्याच्या कोपऱ्याला चिमट्याने एक भोक पाडतात. तिथे फिल्म संपते.

लोक बराच वेळ गप्प बसले होते. मलाही ते दृश्य आवडलं, अगदी मनापासून. तरी घरी येऊन मी रडले. वाक्यं गेली म्हणून नाही. ती गेली तेव्हा मी तिथे नव्हते म्हणून. दोन दिवसांनी वडिलांची भूमिका केलेल्या काकांचा फोन आला. ते रंगभूमीवरचे जुने नट. म्हणाले, 'पोरी, तुझं दीड पान मी महिनाभर पाठ करत होतो. ते घ्यायचं नाही हे मला संध्याकाळी सेटवर कळलं.' म्हणजे आम्ही दोघंही बाहेरच होतो.

तुम्ही हे कसं करता? लेखक कुठपर्यंत बरोबर असतो? नटांच्या हातात संहिता कधी पडते? बदल करायचा तो कुणी आणि केव्हा?

पायवाट

शेवंतीताई, मी दिग्दर्शन करतो, आणि एका लेखकाशी मी असाच वागलो आहे. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी दिग्दर्शकाची त्या संध्याकाळची अवस्था सांगतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. १४ पानं, दोन दिवस, म्हणजे रोज ७ पानं. पानामागे चारच शॉट धरले तरी दिवसाला २८. बारा तासांत एका शॉटला जेमतेम २५ मिनिटं मिळतात, आणि दिवे हलवणं, मेकअप, जेवण, वरून जाणारं विमान, सगळं त्या २५ मिनिटांत. घरमालकाने सातला घर रिकामं करायला सांगितलेलं असतं. साडेपाचला कॅमेरामन खिडकीकडे बघून मान हलवतो. अशा वेळी दीड पान समोर असेल तर दिग्दर्शक काय करणार? कापणार. सेटवर कापलं याचा मला राग येत नाही. महिनाभर आधी तुम्ही तिघं एकत्र बसला असतात तर ते पान तिथपर्यंत तसंच गेलं नसतं, याचा येतो.

मी आता असं करतो. संहितेचा दुसरा खर्डा झाला की लेखक, मुख्य नट आणि मी, घरातच, जमिनीवर बसून वाचन करतो. पहिलं वाचन लेखकाने करायचं, एकट्याने, सगळ्या पात्रांचं. लेखक कुठे घाई करतो, कुठे थांबतो, कुठल्या ओळीला त्याचा स्वतःचाच आवाज पडतो, ते मला ऐकायचं असतं. दुसरं वाचन नटांचं. त्यानंतर तिघांनी एकमेकांना न विचारता कागदावर एकच वाक्य लिहायचं: या पात्राला या प्रसंगात समोरच्याकडून काय हवंय? एका लघुपटात तीन कागदांवर तीन वेगळी उत्तरं आली. मी लिहिलं होतं 'माफी', लेखकाने 'पैसे', आणि मुख्य भूमिका करणाऱ्या बाईंनी 'तिने थांबावं'. तिघांनी बाईंचं उत्तर धरलं आणि लेखकाने त्याच रात्री प्रसंग नव्याने लिहिला. हे शूटिंगच्या दिवशी उघडकीला आलं असतं तर?

नंतर तीन-चार तालमी. शेवटची शक्यतो प्रत्यक्ष लोकेशनवर, कॅमेरा नसताना. दार कुठल्या बाजूला उघडतं, ओट्यापासून खिडकीपर्यंत किती पावलं आहेत, यावर वाक्यं लहान-मोठी होतात. तिथेही लेखक लागतो. शूटिंगच्या चार दिवस आधी संहिता बंद. त्यानंतर बदल झालाच तर लेखकाला एक फोन. लेखक कामात असेल, गाडीत असेल, तरी फोन.

आणखी एक सांगतो, हे शिकायला मला उशीर लागला. लांबलचक बोलणं पडद्यावर ठेवायचं नसेल तरी तालमीत ते पूर्ण म्हणून घ्यावं. नटाने ते शब्द तोंडात घोळवले की ते त्याच्या बसण्यात, हातांत उतरतात. मग कागदावरून काढले तरी माणसात राहतात.

रंगपट

पायवाट, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

मी कोल्हापूरची. कॉलेजात एकांकिका करत मोठी झाले. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि तिथल्या मुलांचं वेळापत्रक आमच्याहून वेगळं नव्हतं: तासाभराच्याही आत संपणाऱ्या एकांकिकेसाठी महिना-दीड महिना रोज संध्याकाळी तालीम. लेखक मागच्या बाकावर बसलेला. वाक्य अडलं की आम्ही वळून त्याच्याकडे बघायचो.

पहिल्या लघुपटाची संहिता मला आदल्या रात्री साडेदहाला फोनवर आली. सकाळी सहाचा कॉल. माझ्या मुलीचं काम करणाऱ्या मुलीला मी मेकअपच्या खुर्चीवर पहिल्यांदा भेटले, आणि पहिलाच शॉट तिच्या अंत्यविधीनंतरचा होता. मी रडले, लोकांना ते खरं वाटलं. पण मी कुणासाठी रडले ते मला माहीत नव्हतं.

दिग्दर्शकांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं. शूटिंग क्रमाने होत नाही. प्रसंग ९ सकाळी, प्रसंग २ दुपारी, प्रसंग ९ चा राहिलेला क्लोजअप दुसऱ्या दिवशी. रंगमंचावर पहिल्या अंकातला राग दुसऱ्या अंकात आपोआप बरोबर येतो. इथे तो आम्हाला हाताने उचलून आणावा लागतो. या प्रसंगाच्या पाच मिनिटं आधी ही बाई कुठे होती, तिने सकाळपासून खाल्लंय का, हे मला ठाऊक लागतं, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा लेखकाकडेच असतं. संहितेत न लिहिलेलं कितीतरी त्याला माहीत असतं. त्याला सेटवर आणायला एक रिक्षा लागते, एवढंच.

बोलीचंही तेच. 'गावाकडचं बोला' एवढंच सांगतात. कुठलं गाव? कोल्हापूर, सोलापूर आणि खानदेश यांची बोली एक नाही. शेवंतीताईंनी काकांच्या तोंडून उतरवून घेतलं, त्या कागदावर नटासाठी सोनं असतं. त्याचं रेकॉर्डिंग असेल तर पुढच्या वेळी नटाला नक्की द्या.

खळा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी सिंधुदुर्गात राहतो, गावातल्याच माणसांना घेऊन लघुपट करतो. यातल्या कुणी आयुष्यात संहिता वाचलेली नाही. त्यांच्यासमोर लेखक बसला तर ती बिचकतात, लिहिलेलं बरोबर म्हणता यावं म्हणून धडपडतात आणि लाकडासारखी होतात. मी त्यांना फक्त प्रसंग सांगतो: तुझी गाय सुटून शेजाऱ्याच्या वाफ्यात गेली आहे आणि तो दारात आलाय. बोल. जे बोलतील तीच संहिता. माझ्याकडे लेखक सेटवर नको असतो.

माईक ली हे ब्रिटिश दिग्दर्शक महिनोन्महिने नटांबरोबर प्रसंग उभे करत जातात आणि त्यातून संहिता घडते. म्हणजे आधी कागद आणि मग माणूस, हा एकच क्रम नाही.

पायवाट

खळा, त्या महिनोन्महिन्यांकडेच माझं बोट आहे. तिथे ऐनवेळी काही होत नाही. तुमचीही माणसं तुम्ही वर्षानुवर्षं ओळखता, कोण गायीवरून खरंच भांडेल हे तुम्हाला माहीत आहे. तुमची तालीम रोजच चाललेली असते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे ही लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते चळवळीतले कार्यकर्ते, व्यावसायिक नट नव्हते. आणि बचावाच्या वकिलाची भूमिका करणारे विवेक गोम्बर त्याच चित्रपटाचे निर्मातेही. चित्रपट लघुपट नाही, पण कामं एकमेकांत किती मिसळू शकतात ते यात दिसतं.

खळा

हे पटलं. एक मात्र कबूल करायला हवं. लोक बोलतात ते मी नंतर लिहून काढतो आणि दुसऱ्या टेकला त्यातलं नको ते गाळायला सांगतो. म्हणजे लेखक सेटवर असतोच, तो मीच असतो.

आवाजवाला

ध्वनिमुद्रण करतो. आमचा विषय कुणी काढत नाही म्हणून काढतो.

लेखक लिहितो: 'दुपार. स्वयंपाकघर. दोघी कुजबुजत बोलतात.' लोकेशनवर गेलो तर बाजूला पत्र्याचं वर्कशॉप, समोर रस्ता, घरात जुना फ्रिज. फ्रिज आणि पंखा बंद करता येतो. वर्कशॉप नाही. मग म्हणतात डबिंग करू. सरावाच्या नटाला डबिंग जमतं. पहिल्यांदा काम करणाऱ्या माणसाचा तिथल्या तिथे निघालेला आवाज स्टुडिओत परत मिळत नाही, हे मी खूप वेळा पाहिलंय.

रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला जाताना, लेखकाला घेऊन जा. एका लेखिकेने वर्कशॉपचा आवाज ऐकला आणि जागच्या जागी प्रसंग बदलला: दोघी मोठ्याने बोलतात, वर्कशॉप मध्येच थांबतं आणि एक वाक्य अख्ख्या घराला ऐकू जातं. त्या फिल्ममधला सगळ्यात चांगला प्रसंग तोच झाला. आवाजाची अडचण दिग्दर्शकाने झाकली असती. तिने ती वापरली.

नटांना एक विनंती. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू करायचं असेल तर तालमीत ठरवा आणि आम्हाला सांगा. क्लोजअपमध्ये वाक्यावर वाक्य चढलं तर संकलकाला ते सोडवता येत नाही. आणि प्रत्येक लोकेशनला पॅकअपच्या आधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहा. त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची असते, नंतर ती कुठूनही आणता येत नाही.

कात्री

आवाजवाल्यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी संकलन करते.

रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, लेखकाला दाखवा. दिग्दर्शकाला सेटवरचा त्रास आठवत असतो, ज्या शॉटला पाच तास लागले तो त्याला काढवत नाही. नट स्वतःचा चेहरा बघतो. लेखक गोष्ट बघतो. २२ मिनिटांचा रफ कट १५ वर आणायचा होता, कारण कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत १५ मिनिटांची मर्यादा आहे आणि निर्मात्याला तिथे पाठवायचंच होतं. आम्ही तिघं आठवडाभर सेकंद-सेकंद काढत बसलो. लेखक आला, एकदा पाहिलं आणि म्हणाला, 'दुसरा प्रसंग काढा, पहिल्यातून तिसऱ्यात सगळं कळतंय.' चार मिनिटं एकदम गेली. स्वतः लिहिलेला प्रसंग काढायला त्यानेच सांगितलं.

शाईपेन

धाग्यावर कायद्याचं कुणी बोललं नाही. मी वकील नाही, पण लेखक म्हणून हे शिकून घ्यावं लागलं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो. पण त्याला आधार असलेली कथा-पटकथा हे वेगळं साहित्यिक काम आहे आणि त्याचा कर्ता लेखक. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क दिल्यानंतरही आपलं नाव लागण्याचा आणि आपल्या नावाला बाधा येईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ मध्ये शिल्लक राहतो.

मित्रामित्रांत हे सगळं काढायचं कसं, असं वाटतं. मला उलटा अनुभव आहे. एका मित्राबरोबर काहीच लिहून ठेवलं नव्हतं. फिल्म महोत्सवांत फिरायला लागली तेव्हा श्रेयनामावलीत 'कथाकल्पना' त्याची आणि 'संवाद' माझे, असं निघालं. गोष्ट माझ्या आजीची होती. आता आम्ही बोलत नाही. एक पानाचा कागद असता तर मैत्री राहिली असती. पहिल्या वाचनाच्याच दिवशी लिहून सह्या करा: कुणाचं नाव कसं लागेल, बक्षिसाची रक्कम आली तर वाटणी कशी, शेवटच्या संहितेत बदल झाला तर कुणाला विचारायचं. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना संहिता ऑनलाइन नोंदवता येते, तीही नोंदवा.

आणि नटांचे पैसे. कॅमेऱ्याच्या भाड्याला पैसे असतात, दिव्यांना असतात, नटाला मात्र 'एक्सपोजर मिळेल' म्हणतात. देता येत नसेल तर स्पष्ट सांगा, पण येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेवर जेवण एवढं तरी द्याच.

रंगपट

शाईपेन, आजीच्या गोष्टीचं वाचून वाईट वाटलं.

यात एक भर घालते: फिल्ममध्ये लहान मुलं असतील तर. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराचं काम दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नको, सलग ३ तासांहून अधिक विश्रांतीशिवाय नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या मोबदल्याचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हौशी गट याकडे बघत नाहीत. मी दहा वर्षांच्या मुलाला रात्री साडेअकराला पेंगताना पाहिलंय आणि दिग्दर्शक म्हणत होता, झोप खरी दिसतेय, घ्या. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. लेखकांनीही प्रसंग लिहितानाच विचार करावा, मुलाचा प्रसंग रात्रीचाच हवा का?

अठ्ठेचाळीस तास

तालमीवर सगळ्यांचा भर आहे, पण मी ४८ तासांच्या स्पर्धांमध्ये भाग घेतो. वॉशिंग्टनमध्ये २००१ साली सुरू झालेला हा प्रकार आता आपल्याकडेही चांगला रुजलाय. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठीने फिल्मचा प्रकार (विनोदी, भयपट वगैरे) मिळतो, एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य दिलेलं असतं, रविवारी संध्याकाळी फिल्म हातात द्यायची. तालीम कुठून करणार?

त्यातून मी शिकलो ते असं की रात्री लिहिताना नट शेजारी बसलेले असावे लागतात. दोन वर्षं आमच्या लेखकाला 'तू लिही, आम्ही झोपतो' म्हणालो, दोन्ही वर्षं सकाळी अशा संहिता आल्या ज्यात आमच्यापैकी कुणालाच न शोभणारी पात्रं होती. तिसऱ्या वर्षी चौघं जागलो. तो एक ओळ लिहायचा, आमच्यातला एक ती म्हणायचा, तो खोडायचा. पहाटे चारला सहा पानं झाली आणि तोवर आमची पाठही झाली होती.

पायवाट

म्हणजे तालीम झालीच, एका रात्रीत. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी आणि लेखक-नट गिरीश कुलकर्णी या जोडीत लिहिणारा आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहणारा माणूस बराच काळ एकच होता. 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णींना अभिनय आणि संवाद या दोन्हींचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. प्रत्येक गटाला असा माणूस मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांनी निदान लेखकाला आणि नटाला शेजारी बसवावं.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून बघायचं होतं.

नव्या लघुपटाचं वाचन गेल्या रविवारी माझ्या घरी झालं. दिग्दर्शक, दोन नट, कॅमेरामन आणि मी. वडिलांची भूमिका केलेल्या त्या नटकाकांनाही बोलावलं होतं, या फिल्ममध्ये त्यांना छोटंसं काम आहे. शाईपेन म्हणाले तसा कागद आधी केला, सह्या झाल्या, मग चहा. पायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे पहिलं वाचन मी केलं. सातव्या पानावर माझा आवाज अडकला आणि दिग्दर्शकाने तिथे पेन्सिलीने खूण केली. तीन कागदही लिहिले. दोन उत्तरं सारखी आली, एक वेगळं. त्यावर दोन तास गेले आणि अजून मिटलेलं नाही. बुधवारी पुन्हा बसणार आहोत.

मग जुन्या फिल्मचा विषय मीच काढला. दिग्दर्शकाला म्हटलं, ती चिमट्याची कल्पना तुला कधी सुचली? तो म्हणाला, मला नाही सुचली. मी नटकाकांना म्हणालो, उजेड गेला, बोलणं घेता येणार नाही, नुसतं कागदाकडे बघून बसा. रोल केलं आणि त्यांनी चिमटा उचलला.

मी नटकाकांकडे पाहिलं. ते म्हणाले, 'तुझ्या पानातच होतं की. बारावी ओळ.'

घरातली जुनी संहिता काढली. बारावी ओळ अशी आहे: 'हात रिकामा राहिला की आपसूक चिमटा वाजायचा बघ, समोर कागद असो नसो.' माझ्या कंडक्टर काकांचं वाक्य. मी उतरवलं होतं आणि विसरून गेले होते.

दिग्दर्शकाला ती ओळ आठवत नव्हती. त्याने फोन काढून तिचा फोटो घेतला. बुधवारच्या तालमीला माझे कंडक्टर काकाही येतो म्हणालेत. नव्या गोष्टीत एसटी नाही, पण त्यांना नटकाकांना भेटायचं आहे.